खडूची तारीख

मुर्मानने सोफा हातगाडीवरून आणला.
वर ताडपत्री; बातुमीत आठवडाभर
समुद्रावरून पाणी येतंय, आडवं.
ताडपत्री काढली, तर सोफ्याने कात टाकलेली.
बसायच्या जागी पोपडे, काळे, नखाएवढे,
खाली राखाडी विणीचं कापड,
खरचटल्यावर दिसतं तसं, फक्त रक्त नाही.

'धाकटी खाते,' तो म्हणाला.
'काय?'
'पोपडे. सोलते नि तोंडात टाकते.
डॉक्टर म्हणाले, पडून जाईल. पण रोज?'

पुसता कशाने? स्पिरिटने.
ठेवलाय कुठे? शेगडीला लागून, तिथेच ऊब असते.
सिगारेट? त्याने खाली बघितलं.
रेक्झीनला ऊन नको, शेक नको, दमट हवा नको, स्पिरिट नको,
माणसाचा घामसुद्धा सोसत नाही.
एवढे नखरे जित्या गाईचेही नसतात.

कडेचा तुकडा कापून चिमट्यात धरला,
पागोळीखाली उभी राहून काडी ओढली.
लोकर जळते तर करपून विझते.
हे वितळलं, थेंब थेंब,
खाली पडणारा प्रत्येक थेंब पेटलेला.
मुर्मान दोन पावलं मागे सरला.
'आत फोम आहे,' मी म्हणाले, 'त्याला याहून घाई.
आग यायच्या आधी धूर येतो,
आणि झोपलेल्याला तेवढा पुरतो.'
त्याने खिशातलं पाकीट चाचपलं. काढलं नाही.

मग सोफा उलटा केला.
स्टेपल उपसता उपसता मागच्या फळीवर
खडूची अक्षरं. सात ऑक्टोबर,
सहा वर्षांपूर्वीचं. सातच्या पोटात
अशी आडवी रेघ मीच मारते.

आठवलं. त्याची लामारा, थोरल्याच्या वेळी पोटुशी,
रेक्झीनवरून हात फिरवत: टिकेल ना?
आणि मी, तीन महिन्यांचं भाडं थकलेली,
गठ्ठा स्वस्तात आलेला, कुठून ते न विचारता घेतलेला,
'नातवंडं उड्या मारतील यावर!'

खडू टिकला.

अंगठा ओला केला होता मी. खरं सांगते,
फळीपर्यंत नेलाही होता.
'मुर्मान, इकडे ये. हा सात बघ.'

तो बराच वेळ बघत राहिला.
'स्वस्त द्या, असं आम्हीच म्हणालो होतो,' म्हणाला.
ही माफी होती की हिशेब, कळलं नाही.

मजुरी घेतली नाही. लोकरीचं कापड दाखवलं,
त्याला पुन्हा रेक्झीनच हवं; पोरं दूध सांडतात.
मग जाड घेतलं, ज्याच्या गठ्ठ्यावर
कारखान्याचं नाव आणि आगीच्या चाचणीची चिठ्ठी होती,
तरी काडी ओढून पाहिलीच.
जुन्या तारखेखाली नवी घातली, आणि पुढे:
पाच वर्षं. शेगडीपासून चार हात लांब.
साबणाचं पाणी, स्पिरिट नाही.
पोपडा दिसला की त्याच दिवशी घेऊन ये.

पण फळी वाचणार कोण, सोफा सुलटा झाल्यावर?
म्हणून उलटा असतानाच
त्याला मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा.
'पाचच?' म्हणाला.
पाचच.