सवलतीचा प्रहर

चौथी सकाळ. गाडी तिथेच, एकोणीस टक्क्यांवर,
केबल तोंडात धरून.
लिंकलेटरची मेंढी अडली आहे, कोकराचे मागचे पाय आधी आलेत,
आणि मी, ऑर्क्नीतली गुरांची डॉक्टर,
पायजम्यावर कोट चढवून
शेजाऱ्याची डिझेलची व्हॅन मागायला निघाले आहे,
वाऱ्यात.

वाऱ्याला इथे तोटा नाही.
टेकडीवरची पाती रात्रभर फिरतात,
वीज होते, आणि ती घ्यायला कुणी जागं नसतं.
म्हणून साडेबारा ते साडेचार जवळपास फुकट.
तेवढ्यासाठी भिंतीवर हा शहाणा डबा बसवला.
बसवणारा म्हणाला होता, "आता तुम्ही निवांत झोपा."

पहिल्या रात्री मी वायफायवर संशय घेतला.
गोठ्याची भिंत दोन फूट दगडी,
जिच्यातून गाईचं हंबरणं बाहेर येत नाही
तिच्यातून सिग्नल काय जाणार?
राउटर उचलून खिडकीत ठेवला, जॅमच्या बरण्यांशेजारी.
डब्याचा दिवा हिरवा झाला. गाडी ढिम्म.

दुसऱ्या दिवशी हेल्पलाइन. ब्रिस्टलची टॅमसिन,
आवाजावरून विशीतली, सर्दी झालेली.
"बंद करा, तीस मोजा, चालू करा."
मी चाळीस मोजले. हयगय नको.
तिसऱ्या रात्री ॲप काढून पुन्हा टाकलं,
पासवर्ड आठवला नाही, नवा केला, तोही विसरले.
गेल्या रात्री केबलला शिव्या घातल्या.

आज मी तेच केलं, जे न खाणाऱ्या जनावराशी करते:
पालथ्या बादलीवर बसले, चहाचा थर्मास घेतला
आणि नुसती बघत राहिले.

साडेबाराला डब्यात खट् झालं. दिवा निळा.
डबा म्हणाला, घे.
गाडी झोपेत.
त्याने पाच मिनिटं वाट पाहिली,
पोट भरलेलं दिसतंय, असं स्वतःशीच ठरवलं,
आणि खट्. मिटला.

दीड वाजता गाडीच्या पोटात काहीतरी गुरगुरलं.
पडदा उजळला.
गाडी म्हणाली, दे.
डबा झोपेत.

दोन घरचा पाहुणा उपाशी,
आणि दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर!
गाडीच्या सेटिंगमध्ये सातव्या पानावर सापडला
नोव्हेंबरात मीच लावलेला टायमर,
डबा यायच्या आधीचा, मी पार विसरलेला.
आणि तिचं घड्याळ एक तास मागे.
मार्चचा शेवटचा रविवार येऊन गेला,
सगळ्या बेटाने काटे पुढे केले,
हिला कुणी सांगितलंच नाही.

टायमर पुसला. घड्याळ पुढे केलं.
वाट एकानेच पाहायची,
दुसऱ्याने फक्त भूक लागलेली असावी.
दोन वाजून दहा मिनिटं. खट्.
वीस टक्के.
एवढ्या आकड्यासाठी माणूस हसू शकतं, मला ठाऊक नव्हतं.

मग मला एर्लेंड आठवला.
माझा भाऊ, वेस्ट्रेवर. हीच गाडी, हाच डबा,
वडिलांचं वरचं शेत विकलं त्या पैशातून
दोघांनी एकाच महिन्यात घेतलेला.
त्या विक्रीनंतर आम्ही बोललेलो नाही.
आधी त्याने बोलावं, असं माझं.
त्याचं काय, ते मी कधी विचारलं नाही.

लिहिलं: तुझी गाडी रात्री भरत नसेल तर
तिचं घड्याळ बघ. आणि आतला टायमर.
बाकी काही लिहिलं नाही. थर्मासचं झाकण लावलं.
चोवीस टक्के. पंचवीस.
बाहेर पाती घुमत होती,
एक मेंढी खोकली.

फोन वाजला तेव्हा तीन व्हायचे होते.
इतक्या रात्री तोही बादलीवर बसला असणार.
बघितलं, त्याने लिहिलं होतं.
हिवाळ्यातच होतं.