साडेपाच ते सात

लक्ष्मीपुरीत कोरगाव्यांच्या दुकानात
एक अख्खी भिंत कापायच्या हत्यारांची आहे.
मी म्हटलं, पत्रा कापायचाय, पाऊण मिलीमीटर.
"छपराचा?"
नाही, कॉम्प्युटरच्या डब्याचा.
काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"चालू कॉम्प्युटर कापताय?"

आतलं सगळं काढून ठेवलंय,
पलंगावर वर्तमानपत्र अंथरून,
स्क्रू बांगड्यांच्या डबीत.
राहिलाय नुसता सांगाडा. त्याच्या डाव्या कुशीला
एक खिडकी पाडायची,
आत काय चाललंय ते दिसावं म्हणून.
"दिसून काय करणार?"
यावर मी काउंटरवरचा टेप उगाच
मागेपुढे करत राहिले.

त्यांनी आधी ग्राइंडर ठेवला,
मान नसलेला, तालमीतल्या पोरासारखा.
"अर्ध्या मिनिटात खिडकी. रंगही जळेल म्हणा."
मग जिगसॉ. "पातं बारीक दातांचं घ्या, इंचाला चोवीस.
लाकडाचं घातलंत तर पत्रा कापला जात नाही, फाटतो."
मग कात्र्या. लाल मुठीची डावीकडे वळते,
हिरवी उजवीकडे,
आणि दोघीही जाताजाता कड वाकवून ठेवतात.

मी मान हलवत होते, पण माझा हिशेब वेगळाच चालला होता.
खालच्या मजल्यावर शौकतभाई मुल्लाणी,
उद्यमनगरात भट्टीवर रात्रपाळी,
सकाळी आठला येतात, साडेपाचपर्यंत झोपतात.
वर चौगल्यांची तान्ही.
सातला तिचा डोळा लागतो
आणि लागला की आख्खी बिल्डिंग
चपला हातात घेऊन जिना चढते.
मी नऊ ते पाच दूध संघात, फॅट आणि लिटरच्या रकान्यांत.
उरलं किती? साडेपाच ते सात.
त्यातून सोमवारी लाइट जाते.

"काका, यात आवाज कुणाचा कमी?"

ते काही न बोलता शिडीवर चढले.
वरच्या फळीवरून फुंकर मारून
एक अर्धगोल कानस काढली.
"ही नुसती कुरकुरते. पण वेळ खाते."
सोबत पातळ ड्रिल बिटं दिली, तीन जास्तीची.
"मोडणार आहेत," म्हणाले, "पहिल्यांदा मोडतातच."

दोन मोडली.
उजेड असेपर्यंत भोकं पाडायची,
पेन्सिलीच्या रेघेवर, मण्यांसारखी जवळजवळ,
रंगाला चिकटपट्टी लावून.
भोकांमधल्या भिंती पकडीनं मोडायच्या.
सातनंतर कानस.
लोखंडाचा कीस मी चुंबकाला पिशवी घालून उचलायची,
तरी एक दिवस आमटीत सापडलाच.

पाचव्या दिवशी, रात्री नऊला, दार वाजलं.
शौकतभाई, हातात डबा, कामावर निघालेले.
"चार दिवस ऐकतोय खालनं."
माझ्या पोटात गोळा. झोपमोड होते का तुमची?
"झोपेचं न्हवं गं. कानशीचं.
मागं वढताना बी दाबतीयास.
पुढं जाताना दाब, मागं येताना उचल.
दात मरत्यात तिचं."

त्यांनी डबा खाली ठेवला,
उंबऱ्यातच उकिडवे बसून
चार हात मारून दाखवले.
तो आवाजच निराळा होता:
एक लांब, एक गप्प.
एक लांब, एक गप्प.
मग कडेवरून अंगठा फिरवला,
एका कोपऱ्याशी थांबले. "हितं चावतंय अजून,"
आणि जिना उतरले.

रविवारी सकाळी अ‍ॅक्रिलिक बसवून बटण दाबलं.
खिडकी डावीकडे दोन मिलीमीटर खाली गेलीय,
सांगितल्याशिवाय कळत नाही, मी सगळ्यांना सांगते.
आत पंखा फिरत होता,
त्याच्या मागे एक निळा दिवा.

शौकतभाई पाळीवरून थेट वर आले,
भुवयांत राख.
वाकून पाहिलं बराच वेळ.
"तापतंय का?"
अठ्ठेचाळीस डिग्री, मी अभिमानानं सांगितलं.
त्यांनी डब्याच्या मागे तळहात धरला,
वारा घेतला थोडा.
"थंडच हाय मग,"
म्हणाले, आणि झोपायला खाली गेले.