ताण

सात-बाऱ्यावर आम्ही पाटुळे,
कुर्डुवाडीच्या तोंडी लिंबूवाले.
पोस्टमनही तेच ओरडायचा.

पणजोबा गेनबा रेल्वेच्या कारखान्यात खलाशी.
छोट्या गाडीचा फ्रान्सिस ड्रायव्हर
भट्टीपुढं घसा वाळतो म्हणून
रुमालात लिंबं बांधून आणायचा,
चोखलेल्या फोडी रुळाकडेला फेकायचा.
इंजिनात पाणी भरायच्या नळाखाली
सांडलेल्या पाण्यात बी रुजलं.
गेनबानं सात रोपं उपटली,
धोतराच्या सोग्यात ओल्या मातीसकट बांधली,
पाळी सुटल्यावर तीन मैल चालत आणली.
एक वाटेत मोडलं.
आजोबा त्या सातव्याबद्दल
गेलेल्या भावाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

आजोबांनी दोनशे चाळीस झाडं केली.
हात कोपरापर्यंत ओरखडलेले;
न्हावी विचारायचा, घरात मांजरं किती?
गोण्या जायच्या बार्शीला, मिरजेला, सोलापूरच्या अडतीला.
पट्ट्या तारेत टोचून ठेवलेल्या, अजून आहेत.
बहात्तरच्या तारेत एकच पट्टी, एका गोणीची.
मागे पेन्सिलनं:
माल नाही. झाडं आहेत.

मग वाटणी.
एकर नाही मोजले, झाडं मोजली.
एकशेवीस अण्णांना, एकशेवीस शहाजीकाकांना.
विहीर तेवढी एक राहिली,
आणि बोलणं थांबलं.
कशावरून, ते दोघांनीही आम्हाला सांगितलं नाही.

पण आंबे बहार धरायचा तर
मार्गशीर्षात पाणी तोडावं लागतं.
चाळीस दिवस तहान द्यायची,
पानं पिवळी पडून गळेपर्यंत.
झाडाला वाटलं पाहिजे, आता आपलं काही खरं नाही,
तेव्हा कुठं ते फुलावर येतं.
आणि एकाच्या दंडातलं पाणी
दुसऱ्याच्या मुळीला लगेच कळतं.
म्हणून वर्षातनं एकदा
दोघं विहिरीच्या दोन काठांवर उभे राहायचे.
"बंद?"
"बंद."
आणि चाळिसाव्या दिवशी,
"सोडू?"
"सोड."
सव्वीस वर्षं, एवढंच.

माझ्या लग्नाला काका आले नाहीत.
त्या सकाळी बांधावर एक पाटी होती,
देठासकट खुडलेली लिंबं.
अण्णांनी एक हातात घेतलं, साल अंगठ्यानं दाबली,
म्हणाले, उत्तरेच्या रांगेतली आहेत. चांगली.
आणि मांडवात निघून गेले.

काका गेले. मागोमाग डिंक्यानं त्यांची झाडं बसली.
कालव्याचं पाणी आलं, पद्माकरनं ऊस लावला.
त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.
कारखाना उसाचं वजन बघतो,
बाजार लिंबाचं तोंड बघतो.

या मार्गशीर्षात मी माहेरी होते.
अण्णा विहिरीवर गेले, मी मागून गेले.
काठावर उभे राहून त्यांनी विचारलं,
"बंद?"
पलीकडं उसाची सळसळ.
त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली,
मग आपली मोटार बंद केली.

चाळीस दिवस झाले. पान गळेना.
हिरवीगार, तुकतुकीत झाडं,
नव्या नवरीसारखी, आणि फूल एक नाही.
पंचेचाळिसाव्या दिवशी अण्णांनी बुंध्याशी टिकाव मारला.
हातभर खाली माती ओली.
उसाचं पाणी बांधाखालून
गुपचूप पाझरत आलं होतं.

ती माती मुठीत दाबत ते बसून राहिले.
मला वाटलं, आता चिडतील.
"शहाजीच्या रानातलं पाणी," म्हणाले,
"न मागता आलं बघ."

दिवेलागणीला पद्माकर बांधापर्यंत आला.
कुणीतरी सांगितलं असणार.
चप्पल हातात, पाय चिखलात,
"अण्णा, पाट बंद करू का?"

अण्णा झाडाकडं बघत होते.
"नको," म्हणाले.
"ऊस वाळंल तुझा."