नमुना क्रमांक सतरा

बाटली दोन लिटरची. आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची,
असं नियमात आहे.
मी विसळतो. हातमोजा एकच उरलाय, डाव्या हाताचा,
म्हणून डाव्या हातानं.

वाळूजच्या मागे, पाइप संपतो तिथला हा नाला.
याला नाव नाही. नावं ठेवणारे पुष्कळ.
पाणी आज जांभळं. परवा चहासारखं होतं,
सोमवारी फेस, म्हशीच्या पोटापर्यंत.
हे सांगतात कचरूबा खिल्लारे,
दर वेळी न बोलावता येतात, पंच म्हणून सही करतात
आणि पेन परत देताना
टोपण आठवणीनं लावून देतात.

"माझ्या आधीची तीन गेली," एकदा म्हणाले,
"मंग मायनं मला उकिरड्यावर ठुलं, नाव कचरू ठुलं.
मरणाला वाटावं, टाकून देलेलंच हाये, काय न्यायचं."
मरण फसलं. एकाहत्तर वर्षं झाली.

कारखान्यात उलटी रीत.
तिथल्या गाळाला रजिस्टरात उपउत्पादन म्हणतात,
टँकरच्या पावतीवर 'पुनर्वापरासाठी रवाना',
रात्री दीडला, दिवे बंद करून.
मीटरचा सेन्सर मी स्वतः पाहिलाय
जारच्या पाण्याच्या बादलीत बसलेला,
दिवसभर मुंबईला कळवतो :
सात पूर्णांक दोन. सात पूर्णांक दोन.
कामगारांना प्यायलाही एवढं चांगलं पाणी नाही.
ऑपरेटर पोरगा, बारावी सायन्स, सिल्लोडकडचा,
माझ्याकडे बघत नाही. बादलीकडेही नाही.
बादली मी लिहितो.
त्याचं नाव लिहीत नाही.

कलमं मला पाठ आहेत.
तेहतीस अ म्हणजे वीज तोडता येते, नळही.
तोडण्याआधी नोटीस, नोटिशीला पंधरा दिवस,
चौदाव्या दिवशी उत्तर, उत्तरावर सुनावणी,
सुनावणीला साहेब दौऱ्यावर.
विहिरीला तारखा कळत नाहीत.
ती झिरपेल ते घेते.

मी काडी ओढतो. लाख वितळते, बाटलीच्या मानेवर
शिक्का उमटतो, थोडा तिरका.
"याच्या आधीचे सोळा कुठं हायती?"
"प्रयोगशाळेत. अहवाल आलेत."
"मंग सोळा वेळा काय आलं?"
मी चिठ्ठीवर वेळ लिहितो. सकाळचे सात पस्तीस.

मग ते पिशवीतून आपली बाटली काढतात.
शीतपेयाची, झाकण दुसरंच.
तिच्यावर नातवाच्या वहीचं लेबल,
नाव : कचरूबा खिल्लारे
विषय : विहीर
इयत्तेची जागा रिकामी.

मी सांगतो, बाबा, हे पाणी मी काढलेलं नाही,
हा नमुना कायद्यात बसत नाही.

"बसवून तर बघा," ते म्हणतात,
"आधीचे बसलेले घेतील थोडं सरकून."

ड्रायव्हर जीप चालू करून वाट बघतोय.
बर्फाच्या डब्यात
मी सतरा नंबर
जरा बाजूला सरकवतो.