सकाळी जिना कसा उतरता?

पगार विचारला असता तर मी फुगवून सांगितला असता,
उन्हाळ्यातला ओव्हरटाइम धरून, हिवाळ्यातले रिकामे महिने वगळून,
जसा आम्ही सगळेच नव्या पोरांना सांगतो.

पण आयला कोस्केलाने, वय एकोणीस,
छपरावर माझ्याबरोबर दुसराच हंगाम,
अर्धं सँडविच परत डब्यात ठेवून विचारलं,
"ऑर्व्हल, तुम्ही सकाळी जिना कसा उतरता?"

खाली लेक सुपीरियर होतं, राखाडी.
थंडर बेच्या बंदरात एक जहाज धान्यासाठी ताटकळलेलं.
मी त्याच्याकडे बघत राहिलो.

उलटा, म्हटलं.
शिडीवरून उतरावं तसा, पाठ खोलीकडे,
दोन्ही हातांनी कठडा धरून. तेरा पायऱ्या.
बायको खाली कॉफी ओतत असते आणि वर बघत नाही.
तिचं ते न बघणं
म्हणजे आमचा बत्तीस वर्षांचा संसार.

गुडघे टेकले म्हणजे हरला, असं म्हणतात.
या गावातली निम्मी छपरं मी गुडघे टेकूनच घातली
आणि एकही गळत नाही.
बरं, एक गळतं. लायब्ररीमागचं.

त्या हिवाळ्यात ती गावभर हेच विचारत फिरली.
फरशीवाला उगो म्हणाला, जिना?
मी तळमजल्यावर राहायला गेलो, त्याला चार वर्षं झाली.
वेल्डर थिओफिल झपझप उतरतो,
पण खालून हाक मारली तर त्याला ऐकू येत नाही.
ड्रायवॉलवाल्या डॅरेलने प्रश्न उडवून लावला,
फक्त उडवताना त्याचा हात खांद्याच्या वर गेला नाही.
वीजवाला पेंटी बरा होता.
बरा म्हणजे, एका गोळीवर.

मी तिला म्हटलं होतं, माझी व्हॅन घे, गिऱ्हाईकं घे,
उतारावर मांजरासारखी चालतेस, असं कुणी मला परत मिळणार नाही.
ती काही बोलली नाही. खिळे मोजत बसली.

मार्चमध्ये तिला वेल्मा भेटली,
अडुसष्ट वर्षांची, बंदरावरच्या कोठारांचे काटे तपासणारी.
अख्खा ट्रक तोलतात ते काटे.
कडेला मूठभर बर्फ अडकला तरी काटा खोटं बोलू लागतो.
वजनं उचलायला क्रेन असते,
आणि काटा स्थिर होईपर्यंत
जगातला कुठलाही मुकादम घाई करू शकत नाही.
वेल्माने प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही.
कोठाराच्या लोखंडी जिन्यावरून पुढे निघाली,
एका हातात थर्मास, दुसऱ्यात हत्यारांची पिशवी,
थंडीला शिव्या घालत,
कठड्याला हात न लावता.
आयला मागून पायऱ्या मोजत होती.
एकशे सदतीस.

सांगायला आली तेव्हा मी व्हॅनखाली आडवा होतो.
पगार कमी, म्हणाली, चार वर्षं शिकाऊ,
धान्याची धूळ आहेच, वेल्मा मास्क काढू देत नाही.
मी रागावलो. या वयात म्हातारपणाची चिंता!
व्हॅनखालून मला तिचे फक्त बूट दिसत होते.
"साठ वर्षांची ती बाई
याच पायांनी चालणार आहे, ऑर्व्हल.
तिला विचारायला नको?"

छपरावरचा वारा आठवतो, असं ती अजून म्हणते.
खरं असावं. खोटं बोलायची तिला सवय नाही,
आता तर तोच तिचा धंदा.

परवा व्हॅन विकायला निघालो होतो,
तर तिने ती काट्यावर घ्यायला लावली.
शिडी, उरलेले खिळे, डांबराचे दोन डबे, आणि आत मी.
आकडा वर गेला, खाली आला, पुन्हा वर.
काय भरलं, मी ओरडलो.
"हलू नका," ती म्हणाली, "अजून बसला नाहीये."
मी इंजिन बंद केलं
आणि बसून राहिलो.