दोन नंबरचं बटण

घेतली तेव्हा ओरेस्ट म्हणाला,
"ही तर मोटार. ट्रकची टोपी घातलेली."
त्याचा भाऊ मेट्रो गाडीभोवती फिरून आला
आणि उरलेला ट्रक कधी येणार, म्हणून विचारू लागला.

हसू देत.
तीस वर्षं मी त्यांचे ट्रक चालवले,
दाराला लोंबकळून चढले,
पाठीशी उशी, खाली टेलिफोनची जुनी डिरेक्टरी,
तरी ब्रेकला पोचायचा तो नुसता चवडा.
सस्कॅचवानमध्ये बाईच्या मापाचं मिळतं काय?
हातमोजेसुद्धा मी पोरांच्या कपाटातून घेते.

ही मधल्या मापाची.
मागचा हौदा पाच फूट. हो, पाचच.
चर्चच्या हॉलचा फ्रीझर आडवा मावेना,
मग उभाच बांधून नेला, ताशी चाळीसने,
पालखीतल्या देवासारखा डुलत.
मागच्या सीटवर आमचा बोहदान बसला
तर गुडघे हनुवटीला टेकतात.
पण बोहदान कॅलगरीहून येतो वर्षातून दोनदा,
बाकी दिवस तिथे टपालाच्या पेट्या बसतात,
आणि पेट्यांना गुडघे नसतात.

खोड्या वहीत लिहिल्यात, पेट्रोलच्या हिशेबाखाली.
शंभर किलोमीटरला साडेदहा लिटर,
उणे तीसमध्ये तेरा,
समोरून वारा असेल तर विचारू नका.
कपाची खाच उथळ, वळणावर कॉफी मांडीवर.
नव्वदच्या पुढे उजव्या दारातून बारीक शिट्टी,
पहिले काही दिवस वाटायचं, मीच गुणगुणतेय.

आणि आराम?
चौऱ्याऐंशी किलोमीटर खडी, एकशे बारा घरं,
संध्याकाळी उतरते तेव्हा
कंबर सकाळी होती तीच असते.

सीटला बटणं दोन.
एक दाबलं की सीट पुढे येते, उचलते,
आरसे माझ्याकडे वळतात, हुकमाची वाट बघत.
दोन नंबर कोराच होता.

ऑक्टोबरात एका मंगळवारी बसले
तर पाय हवेत.
स्टिअरिंग कोसभर लांब, आरशात नुसतं आभाळ.
दाराच्या कप्प्यात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं,
आणि किलोमीटरच्या आकड्यात अडतीस जास्त.
मेट्रोचं घर नऊवर आहे.
अडतीस म्हणजे जाऊन-येऊन तळं,
जिथे रस्ता संपतो
आणि या दिवसांत हिमहंस उतरतात.

ओरेस्टची पाठ उघडून शिवली त्याला दोन वर्षं झाली.
त्याचा ट्रक अंगणात उभा, मान ताठ,
टपावर पानं साचलेली.

मी विचारलं नाही.
बोर्श्ट वाढताना तोच म्हणाला,
"मेट्रो म्हणतो, ट्रेलर ओढायला कमी पडेल ती."
"पडेल," मी म्हटलं.
पाव मोडत राहिला बराच वेळ.
"सीटचं कापड मात्र बरं आहे,"
म्हणाला, आणि लगेच खोकला.

दुसऱ्या दिवशी टपाल टाकून आल्यावर
मी इंजिन चालू ठेवून बसले.
सीट मागे नेली. खाली. पाठ जरा कलती,
टाके होते तिथे आधार फुगवला.
आरसे लावले त्याच्या डोळ्यांच्या उंचीला,
एवढी वर्षं मान वर करून बोलले,
तो अंदाज कुठे जातोय.
मग दोन नंबर दाबून धरला, बीप होईपर्यंत.
सांगितलं नाही.
आमच्या घरात आता हा एकच
दोन नंबरचा कारभार.

काल रात्री उणे एकतीस.
इंजिनचा हीटर जोडायला कोट चढवून बाहेर गेले.
खांबावर सॉकेट एकच,
त्यावर हक्क कायम मोठ्या ट्रकचा.

माझी वायर जोडलेली होती.
त्याच्या ट्रकची जाळीतून लोंबत होती,
टोकाला बर्फाचा मणी धरून.