निर्लेखन

शासकीय आयटीआय, सिंदेवाही. मी भांडारपाल.
एकोणीस वर्षं माझ्या टेबलावर एकच वही,
जडसंग्रह नोंदवही,
लोखंडाला जन्मतारीख देणारी.
शेवटच्या पानांवर, लाल रेघेखाली, निर्लेखन.
रकाना पाच: कारण.

आज पान उघडलं ते बटाल्याच्या लेथसाठी.
आवक पंच्याऐंशी सालची. हेडस्टॉक खरखरतो,
बटण बंद केल्यावरही चक मिनिटभर फिरत राहतो,
जेवून उठलेल्या माणसानं
हात धुता धुता बोलत राहावं तसा.
बोरकुटे सरांनी त्याच्यावर चारशे पोरं घडवली.
काही बल्लारपूरला लागली, काही चाकणला,
एक जण वणीत पंक्चर काढतो, आणि तरी
मला पाहिलं की गुण्यासारखा काटकोनात उभा राहतो.

नवं यंत्र मे महिन्यात आलं, ट्रेलरवर.
पांढरं, काचेच्या दाराचं, प्लास्टिकात गुंडाळलेलं.
नवरीसारखं म्हणणार होतो, पण नाही,
दवाखान्यातल्या फ्रीजसारखं.
वर्कशॉपचं दार लहान पडलं. भिंत फोडली.
विटांच्या मागे सापडला पाव इंची ड्रिल,
जो मी दोन हजार अकरापासून
हरवलेला दाखवत होतो.
यंत्राला एसी लागतो. संस्थेतला पहिला.
प्राचार्य आता सह्या करायला तिथंच बसतात.

कंपनीचा इंजिनिअर पाणसळ ठेवून वाकला.
बुडबुडा मधे येईना.
एका पायाखाली पट्टी हवी होती,
पाच पॉइंट बहात्तर, इकडे ना तिकडे.
नागपूरहून मागवतो, म्हणाला, सोमवारी येईल.
त्या दिवशी गुरुवार होता.

तेवढ्यात खिडकीशी आली वैजयंती मडावी,
फिटर, दुसरं वर्ष.
नवरगावच्या पलीकडून सायकलनं येते,
वाघाचा गलका असला की बापाच्या गाडीवर.
"कानस द्या जी सर. स्मूथ."
पहिल्या वर्षी बास्टर्ड कानस मागताना
हीच पोरगी नाव न घेता बोटानं दाखवायची.
मी सही घेतली, कानस दिली.

मग दोन तास वर्कशॉपात
खर्र, थांबणं, फुंकर,
मायक्रोमीटरची बारीक टिकटिक, पुन्हा खर्र.
लाइट गेली. एसी गेला.
इंजिनिअर निंबाखाली जाऊन उभा राहिला.
कानशीला लाइट लागत नाही.
फोडलेल्या भिंतीतून जेवढं ऊन येत होतं
तेवढं तिला पुरलं.

मधेच मान वर न करता म्हणाली,
"सर, या मशीनवर आमाले शिकवन कोन?"
मी वही चाळल्यासारखं केलं.
बोरकुटे सर मार्चात निवृत्त झाले. जागा रिक्त.
माझ्या वहीत माणसांचा रकाना नाही.

पट्टी सरकवली. बुडबुडा थरथरला,
दोन रेघांच्या मधे येऊन थांबला.
इंजिनिअरनं फोटो काढला, पट्टीचा नाही, बुडबुड्याचा.
यंत्रासोबत आलेल्या कागदांत
त्या पट्टीचं नाव नव्हतं. मी लिहिलं.
पान एकशे बारा: पट्टी, पोलादी, नग एक.
पुरवठादार: कु. वैजयंती मडावी. किंमत: कोरी.
प्राचार्य म्हणाले, ऑडिटला हे चालायचं नाही.
नाहीच चालायचं.

लेथचा रकाना पाच अजून रिकामाच.
भंगारवाला किलोचा भाव सांगून गेलाय, उद्या येतो म्हणाला.
"जुना" लिहिलं. खोडलं.
"निरुपयोगी" लिहायला घेतलं तर पेन चालेना,
उगाच सांगत नाही, रिफिलच संपली होती.

बाहेर प्रवेशाचे फॉर्म घेऊन नवी पोरं आलीत,
काचेच्या दाराला नाक लावून बघतायत.
एक बारकं पोरगं मला विचारतं,
"याले हात लावता येते का जी?"
लाव, म्हटलं.
आधी पुसून घे.